दहाव्या वाढदिवसाची गोळी

माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि ती थाप आहे हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. मी सात वर्षांची होते. दवाखान्याच्या पलंगावर पाय हलवत बसले होते, दंडाला नुकतंच इन्शुलिनचं इंजेक्शन टोचलेलं होतं आणि बाबा दारात उभे होते. आत यायची त्यांची हिंमत होत नव्हती. तिथूनच म्हणाले, "ठकू, तुझ्या दहाव्या वाढदिवसापर्यंत तुझी ही सुई बंद. मी गोळी आणतो. पाण्याबरोबर गिळायची, की झालं!"

आज मी पंचावन्न वर्षांची आहे आणि आज सकाळीही मी टोचून घेतलं. पण ते शेवटी सांगते.

बाबा तेव्हा गोळ्या-चॉकलेटांच्या कारखान्यात होते. बदामांवर साखर चढवणं हे त्यांचं काम. एक मोठा तिरका तांब्याचा हंडा असायचा, दिवसभर गोल फिरणारा. त्यात बदाम टाकायचे, पळीने पाक सोडायचा, गरम हवा मारून वाळवायचं, पुन्हा पळीभर पाक. असे चाळीस-चाळीस थर, एकेक कागदाहून पातळ. बाबांचं सगळं कसब कानात होतं. बदाम ओले असले की हंड्यातून जड, दबका आवाज यायचा. वाळले की खळखळ वाजायचे. बाबा हंड्याकडे पाठ करून चहा पीत असले, तरी आवाज बदलल्याबरोबर कप ठेवून पळी उचलत. घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला व्हॅनिलाचा वास असायचा. मी त्यांच्या कुशीत तोंड खुपसून तो वास घ्यायची. आणि नेमकी त्यांच्याच पोरीला साखर निघाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आई-बाबांना समजावून सांगितलं होतं की इन्शुलिन म्हणजे एक प्रथिन. तोंडाने दिलं तर पोट ते उकडलेल्या अंड्यासारखं पचवून टाकतं, रक्तात काही पोचतच नाही. म्हणून सुई. पोटात न विरघळता पुढे आतड्यात गेल्यावर विरघळेल असं वेष्टण त्यावर कोणी चढवलं, तर गोष्ट वेगळी. त्यावर म्हणे कुठे कुठे संशोधन चालू आहे. डॉक्टर अजूनही बरंच काही बोलले असणार. बाबांना ऐकू आलं ते एवढंच, की वेष्टण चढवायचं आहे.

"ते तर मी रोज करतो," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ते कागदाच्या पुडीत मूठभर बदाम घेऊन नदीपलीकडच्या संशोधन संस्थेत गेले. तिथे या कामाच्या प्रमुख एक बाई होत्या, त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत. मॅडमनी बदाम खाल्ला नाही. चाकूने उभा चिरला, भिंगाखाली धरला आणि बराच वेळ थर मोजत बसल्या. मग विचारलं, "बदामाऐवजी तांदळाच्या दाण्याएवढ्या कॅप्सूलवर असे थर देता येतील?" बाबा म्हणाले, "दाणा हंड्यात वाजला पाहिजे. वाजला तर येतील." नोकरी लागली. आमच्या घरातला व्हॅनिलाचा वास गेला तो कायमचा. त्याच्या जागी स्पिरिटसारखा काहीतरी वास आला, आणि मला तो कधीच आवडला नाही.

आमचं स्वयंपाकघर लहान होतं. खिडकीच्या कठड्यावर दोन काचेचे पेले कायमचे मांडलेले असत. एकात पाणी घातलेलं व्हिनेगर, दुसऱ्यात खायच्या सोड्याचं पाणी. पहिला पेला म्हणजे पोट आणि दुसरा म्हणजे आतडं. बाबा त्यांचे सरावाचे दाणे घरी आणत. त्यांत औषध नसे, खायचा लाल रंग असे. दाणा पहिल्या पेल्यात सोडायचा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचं. दोन तास टिकला पाहिजे. मग चमच्याने उचलून दुसऱ्या पेल्यात, आणि तिथे तो फुटला पाहिजे. पहिल्याच पेल्यात लाल रंग पसरला की बाबा म्हणत, "गेलं." दुसऱ्यात पसरला की आख्खं घर डोक्यावर घेत. गल्लीतली पोरं रविवारी हा खेळ बघायला जमायची आणि त्यांनीच बाबांचं नाव व्हिनेगरवाले काका ठेवलं. आईला ते अजिबात आवडत नसे. एकदा तर तिने घाईत त्यातलंच व्हिनेगर काकडीवर ओतलं आणि आम्ही तिघं लाल काकडी खात बसलो.

आई मुळात या गोळीच्या भानगडीत नव्हती. तिच्या ताब्यात सुई होती. काचेची पिचकारी आणि सुई स्टीलच्या लांबट डबीत ठेवून ती सकाळ-संध्याकाळ पाण्यात उकळायची. डबी खडखड वाजायला लागली की बाबा उठून गच्चीत जायचे. रोज. माझं टोचून झालं, की बाहेरून आवाज यायचा, "दुखलं का गं?"

पहिल्या दिवशी मी खरं तेच सांगितलं होतं. म्हणाले, "हो, खूप." त्यानंतर बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईने मला न्हाणीघरात नेलं, दार लावलं आणि म्हणाली, "उद्यापासून 'नाही' म्हणायचं. तुला टोचणं मला जमेल गं, पण त्यांना सावरणं नाही जमायचं." तेव्हापासून मी ओरडून सांगायची, "नाही, बाबा!" सुया तेव्हा जाड होत्या. आई त्या दगडावर घासून धार लावायची. दुखायचं हो, चांगलं दुखायचं.

दहावा वाढदिवस आला. गोळी आली नाही. बाबांनी मला सायकल आणली आणि नजर चुकवत म्हणाले, "अकराव्याला नक्की." अकराव्याला काही आणलंच नाही, नुसतेच पेल्यांसमोर बसून राहिले. वेष्टण जमलं होतं. मॅडम त्यांना कधीपासून सांगत होत्या, की आतड्यात कॅप्सूल फुटली म्हणजे अर्धंच काम झालं. इन्शुलिनचा एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून सहजासहजी पलीकडे जात नाही. बाबांनी ते ऐकलं आणि सोयीस्करपणे विसरले. घरात आम्ही काहीही म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी पोचू तर दे दारापर्यंत."

मी साडेअकरा वर्षांची असताना एका दुपारी बाबा भर कामाच्या वेळी घरी आले. धापा टाकत. हातात केकचा खोका. तो केक मला चालणार नाही हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं, इतके ते हवेत होते. संस्थेत उंदरांचे दोन गट केले होते, दोन्ही गटांना साखर होती. एकाला इन्शुलिनची कॅप्सूल, दुसऱ्याला रिकामी. तीन दिवस ओळीने कॅप्सूलवाल्या गटाची साखर खाली आली होती.

"निम्म्यावर!" बाबा आईला म्हणाले. "अगं, निम्म्यावर आली! मॅडम स्वतः खुर्चीतून उठल्या!"

आईने पदराने हात पुसले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग ती रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं, आता उद्यापासून सुई बंद. माणसांना द्यायला अजून दोन-तीन वर्षं लागतील असं बाबा सांगत होते, पण ते कोण ऐकतंय? मी दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन तळ्याकाठच्या तीन दिवसांच्या शिबिरासाठी नाव दिलं. टोचायला कोणी नाही म्हणून मला आजवर कधीच कुठे जाता आलं नव्हतं. बाईंनी विचारलं, तर छाती पुढे काढून सांगितलं, की माझ्या वडिलांनी माझं औषध शोधून काढलंय. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. तेवढा आनंद मला पुढे लग्नातसुद्धा झाला नाही, आणि हे माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे.

त्यानंतरच्या रविवारी बाबा स्वयंपाकघराच्या टेबलावर उंदरांच्या खाण्याची वही उतरवून काढत बसले होते. मॅडमना अहवालासाठी ती स्वच्छ अक्षरात हवी होती. किती खाणं घातलं, किती उरलं, असले आकडे. मी सकाळचं टोचून घेऊन खेळायला पळाले होते आणि खायचं विसरले होते. दुपारी घरी आले ती लटपटतच. हात थरथरत होते, ओठ बधिर झाले होते. आईने मला धरून बसवलं, साखरेचं पाणी पाजलं आणि मग तोंडाचा पट्टा सोडला, "उपाशी राहिलीस की साखर खाली जाणारच! किती वेळा सांगायचं? उपाशी राहिलं की जाते खाली!"

बाबांचं लिहिणं थांबलं. मला वाटलं, ते माझ्याकडे बघताहेत. ते वहीकडे बघत होते.

"काय झालं हो?" आईने विचारलं.

बाबांनी हळूहळू सांगितलं. नियम असा होता, की दोन्ही गटांचं खाणं सकाळी आठला एकाच वेळी काढायचं आणि मग कॅप्सूल द्यायची. बाबांना वाटलं, पोट रिकामं असेल तर कॅप्सूल लवकर पुढे सरकेल. म्हणून ते संध्याकाळी निघतानाच कॅप्सूलवाल्या गटाचं खाणं गुपचूप काढून घेत होते. तेवढीच आपली मदत. उंदीर तेरा-चौदा तास उपाशी. त्यांची साखर उपासाने उतरली होती.

"मग दुसऱ्या गटाचं का नाही काढलंत?" आई म्हणाली. "दोन्ही सारखे झाले असते, तर लगेच कळलं असतं ना."

"त्यांना रिकामी कॅप्सूल मिळणार होती," बाबा म्हणाले. "औषध तर नाहीच, वर त्या बिचाऱ्यांना उपाशी कशाला ठेवायचं?"

असा माणूस. जगात एवढ्या प्रयोगशाळा आहेत, त्यांत एवढ्या चुका होत असतील, पण उंदरांची दया येऊन प्रयोग बिघडवणारे आमचे बाबाच. आज मी हे हसत सांगते. त्या दिवशी मी हसले नव्हते.

"उद्या मॅडमना सांगायला हवं," बाबा म्हणाले.

मी ताडकन उठले. "कशाला? कोणाला कळणार आहे? तुमच्याशिवाय कोणाला माहितेय?"

"ठकू..."

"नाही सांगायचं! तुम्ही मला शब्द दिला होता! आधी दहाव्याला म्हणालात, मग अकराव्याला म्हणालात..."

बाबांनी वही मिटली. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "अगं, उद्या हे सगळ्यांनी खरं धरलं, तर कुठल्यातरी पोरीची सुई बंद करतील आणि माझी गोळी तिला देतील. मग तिचं काय होईल, तुला माहितेय ना?"

मला माहीत होतं. सात वर्षांची असताना मी बेशुद्ध होऊन दवाखान्यात गेले होते, ती इन्शुलिन नव्हतं म्हणूनच. पण साडेअकरा वर्षांच्या पोरीला दुसरीच्या जिवाची काय पडलेली असते? मी म्हटलं, "मरू दे तिला." आईने माझ्या थोबाडीत दिली. तिने आयुष्यात मारलेली ती एकच.

संध्याकाळी डबी खडखडली. बाबा गच्चीत गेले. आईने टोचलं. बाहेरून आवाज आला, पण नेहमीसारखा नाही, चाचरत आला. "दुखलं का गं?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यांना जिव्हारी लागेल असं माझ्याकडे तेवढं एकच होतं, आणि ते खरंही होतं. आई माझ्याकडे बघत होती.

"नाही, बाबा," मी म्हणाले.

सोमवारी त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. प्रयोग नियमाप्रमाणे पुन्हा झाला आणि साखर जागची हलली नाही. मॅडम दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी उंदरांच्या खाण्याच्या सगळ्या वह्या बाबांच्या हवाली केल्या आणि म्हणाल्या, "यापुढे तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं खरं इथे कोणी लिहिणार नाही." ही गोष्ट बाबांनी आम्हाला कधी सांगितली नाही. त्यांच्या निरोपसमारंभात मॅडमनीच भाषणात सांगितली, तेव्हा मला कळली.

शिबिराचं नाव मी मागे घेतलं नाही. शाळेत नाक कापून घ्यायची माझी तयारी नव्हती. आईला म्हटलं, मला टोचायला शिकव. तिने तीन आठवडे माझ्या हाताला धरून शिकवलं, आणि मी ती डबी पिशवीत घालून तळ्याकाठी गेले. पहिल्या सकाळी तंबूत मांडीवर सुई टेकवली आणि सवयीने कान बाहेर लागला. कोणी काही विचारलं नाही. मला एकदम इतकं रडू आलं, की बाईंना वाटलं सुई मोडली.

गोळीचं काम पुढे बारा-तेरा वर्षं रखडत चाललं आणि बंद पडलं. बाबांचं वेष्टण वाया मात्र गेलं नाही. सांधेदुखीच्या एका गोळीने पोटात जळजळ व्हायची, तिच्यावर ते चढवलं गेलं. आई म्हातारपणी गुडघ्यांसाठी तीच गोळी घ्यायची. गिळायच्या आधी बाबांना दाखवून म्हणायची, "पोरीला देणार होतात, मिळाली मला." बाबा हसायचे. तोवर माझ्या हातात पिचकारीऐवजी इन्शुलिनचं पेन आलं होतं, सुया केसासारख्या बारीक झाल्या होत्या. बाबा मात्र मी पेन काढलं की उठून बाहेर जायचे आणि बाहेरून विचारायचे. मी संसारी बाई, माझी मुलगी कॉलेजात, आणि तरी मी ओरडून उत्तर द्यायची, "नाही, बाबा!" माझ्या मुलीला वाटायचं, की हा आमचा काहीतरी खेळ आहे.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी बाबा, वय वर्षं त्र्याऐंशी, फरशीवर घसरले आणि पाठीचा मणका दबला. हाडं पार पोकळ झालेली. हाडांच्या डॉक्टरांनी रोजचं एक इंजेक्शन सांगितलं, दोन वर्षांसाठी. फ्रिजमध्ये ठेवायचं पेन, अगदी माझ्या पेनासारखंच.

"गोळी नाही का यात?" बाबांनी विचारलं.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "नाही, आजोबा. हे प्रथिनाच्या जातीचं औषध आहे. तोंडाने घेतलं ना, तर आपलं पोट ते पचवून टाकतं!"

"असं होय?" बाबा म्हणाले. मी खिडकीकडे तोंड करून ओठ चावत उभी राहिले.

आता ते माझ्याकडेच असतात. पहिल्या सकाळी मी पेन घेऊन त्यांच्यासमोर बसले, तर त्यांचा चेहरा पांढराफटक. डोळे घट्ट मिटून घेतले. मी पोटाची कातडी चिमटीत धरून टोचलं, दहापर्यंत अंक म्हटले, सुई काढली. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"दुखतं की गं," ते म्हणाले.

मी पेनाला टोपण लावलं.

"ही तर बारीक सुई. आणि तेव्हाच्या त्या जाड..." त्यांनी माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं. "रोज दोनदा. आणि मी विचारलं की तू म्हणायचीस..."

"आईने सांगितलं होतं," मी म्हणाले. पंचावन्न वर्षांची बाई, पण चोरी पकडलेल्या पोरीसारखं वाटलं. "तुम्ही जेवायचा नाहीत, म्हणून."

बाबांनी सदऱ्याचं टोक खाली ओढलं. मग म्हणाले, "मी उंदरांचंसुद्धा खरं सांगितलं, ठके. आणि तुम्ही दोघींनी मला एवढी वर्षं..." मी त्यांचा हात धरून बसले. त्या हाताला आता कसलाच वास येत नव्हता.

परवा त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, की साखरेवरच्या अशाच जातीच्या एका औषधाची आता खरोखर गोळी निघाली आहे. इन्शुलिन नाही, पण त्याचं भावंड म्हणायला हरकत नाही. सकाळी उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. बाबांनी ती ओळ मला तीनदा वाचून दाखवली. "उपाशीपोटी! बघ! माझं सगळंच काही चुकलं नव्हतं." मी म्हटलं, "तुमच्या उंदरांना कळवते." फार दिवसांनी ते पोटभर हसले, मणका धरून.

आणि आजची सकाळ. बाबांना टोचून झालं, मग मी माझं पेन काढलं. बाबा खुर्चीतून उठले नाहीत. पाठीमुळे उठवत नाही, असं हवं तर म्हणा. पण त्यांनी मानही फिरवली नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी टोचताना त्यांनी बघितलं. सुई आत गेली, बाहेर आली.

"दुखलं का गं?" त्यांनी विचारलं. समोर बसून, हळू आवाजात.

"हो, बाबा," मी म्हणाले. "थोडं."

त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघांनी नाश्ता केला.